एस्प्रेसो मशीनचा दाब: आधी मोजा, मग पाना उचला

यंदा मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत तिघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "मशीनवर १५ बार लिहिलंय, मग कॉफी कडू का होते?" दुसरीचं मशीन २० बारचं, तिची तक्रार आंबटपणाची. तिसऱ्याने तर उत्तरही शोधून ठेवलं होतं. आत एक स्क्रू असतो, तो थोडा सैल केला की सगळं सुधारतं, व्हिडिओत पाहिलंय, फक्त कितीचा पाना लागेल ते सांग. इराणी चहावर वाढलेल्या आपल्या हैदराबादी घरांच्या ओट्यावर मिक्सरशेजारी आता हे मशीन येऊन बसलं आहे, तेव्हा या वेळचं सदर त्या स्क्रूवर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तो स्क्रू असतो, उपयोगीही असतो. पण माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच घरांत त्याला हात लावायची गरज नव्हती. गरज होती ती दाब मोजायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉग न बघता कोड बदलणाऱ्याला जे म्हणतो, तेच इथेही लागू.

तर आधी बार म्हणजे काय ते बघू. १ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब, किंवा १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ बारने जास्त असतो. एस्प्रेसोला लागतात ९. म्हणजे तीस मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी आणि तळमजल्यावर नळ, असा तो जोर. कॉफीची टोपली ५८ मिलिमीटरची असेल तर तिच्यातल्या दाबलेल्या कॉफीवर ९ बारला साधारण २४० किलोचा भार पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि खोक्यावरचे १५? ती पंपाची कमाल ताकद. पुढचा रस्ता पूर्ण बंद असताना, पाणी थेंबभरही पुढे सरकत नसताना, पंप किती रेटू शकतो त्याचा तो आकडा. स्पीडोमीटरवर २०० लिहिलेलं असतं म्हणून कोणी आबिड्सच्या रस्त्यावरून २०० ने जात नाही. १५ बार, २० बार हे विक्रीचे आकडे आहेत. कपात काय उतरणार याच्याशी त्यांचा संबंध फार थोडा.

मग ९ कुठून आले? एस्प्रेसो इटलीत जन्मली तेव्हा हा आकडा नव्हता. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी पेटंट घेतलेलं मशीन वाफेच्या दाबावर चालायचं, आणि तो दाब दीड बारच्या आसपास असे. त्या कॉफीवर आज आपण बघतो ती सोनेरी साय, म्हणजे क्रेमा, येत नसे. ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर. मिलानच्याच अकिले गाज्जिया यांनी दांड्याचं मशीन आणलं. दांडा खाली ओढला की आतली जाड स्प्रिंग दबायची, आणि दांडा सोडला की ती स्प्रिंग दट्ट्याला रेटून गरम पाणी कॉफीतून ढकलायची. दाब एकदम कितीतरी पट वाढला आणि कॉफीवर फेस आला. लोक म्हणे आधी त्या फेसाकडे संशयाने बघत. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या मशीनमध्ये दांड्याची जागा विजेच्या पंपाने घेतली, आणि ९ बारचा दाब माणसाच्या दंडावर अवलंबून राहिला नाही. पुढे इटालियन एस्प्रेसो नॅशनल इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या प्रमाणातही दाब ९ बार, एक इकडे-तिकडे, असाच होता. सोबत ७ ग्रॅम कॉफी, २५ मिली कप आणि २५ सेकंद. आपण घरी हल्ली १८ ग्रॅमची मोठी टोपली वापरतो आणि ३६ ग्रॅम कॉफी काढतो, तरी दाब तोच धरतो.

दाब जास्त झाला तर बिघडतं काय? कॉफी जास्त 'निघते' असं वाटेल, पण होतं वेगळंच. बारीक दळलेली, दाबलेली कॉफी म्हणजे वाळूचा बांध समजा. पाणी बेताच्या जोराने आलं तर बांधभर सारखं झिरपतं. जोर वाढला की बांध आणखी आवळतो, आणि मग पाणी जिथे कच्चं सापडेल तिथून भगदाड पाडून धावतं. त्या भगदाडाच्या कडेची कॉफी पिळून कडू होते, बाकीची तशीच कोरडी-आंबट राहते. दोन्ही एकाच कपात. म्हणून तक्रार करताना एकजण कडू म्हणतो, दुसरी आंबट म्हणते, आणि दोघांचंही बरोबर असतं.

आता मशीनच्या पोटात डोकावू. घरगुती मशीनमध्ये बहुधा कंपनाचा पंप असतो. तारेची एक गुंडाळी, आत छोटा दट्ट्या, त्याला स्प्रिंग. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दट्ट्या सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो. मशीन सुरू केल्यावर जो घर्रर्र आवाज येतो तो हाच. पुढे अडथळा नसेल तर हा पंप मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी टाकतो, आणि अडथळा वाढत जातो तसतसं पाणी कमी, दाब जास्त. म्हणजे दाब नुसता पंप तयार करत नाही. पंप पाणी ढकलतो, आणि कॉफी ते अडवते म्हणून दाब तयार होतो. ज्याला हे कळलं त्याचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात. दळण जाड असेल तर काटा ९ पर्यंत पोहोचणारच नाही, आत कुठलाही स्क्रू कितीही पिळा.

तो स्क्रू ज्या झडपेवर असतो तिला ओपीव्ही म्हणतात, जादा दाब सोडणारी झडप. ती पंप आणि बॉयलरच्या मधे बसवलेली असते. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे कुकरची शिट्टी. शिट्टीचं वजन ठरलेलं असतं, आतला दाब त्या वजनाला उचलण्याइतका झाला की वाफ सुटते आणि दाब तिथेच थांबतो. ओपीव्हीत वजनाच्या जागी स्प्रिंग असते. दाबाने स्प्रिंगला हरवलं की झडप उघडते आणि जादा पाणी एका बारीक नळीने परत टाकीत जातं. स्क्रू आत फिरवला की स्प्रिंग आवळते, म्हणजे दाबाची मर्यादा वाढते. बाहेर फिरवला की मर्यादा उतरते. हा स्क्रू दाब 'लावत' नाही, फक्त छत ठरवतो. आणि बऱ्याच मशीनमध्ये कारखान्यातून येतानाच हे छत १२ किंवा त्याहून वर असतं. कागदी पुडीतली कॉफी वापरणाऱ्यांचं आणि दुहेरी तळाच्या टोपलीवाल्यांचंही भागावं, हे त्याचं एक कारण.

दुहेरी तळावरून आठवलं. पुढचं काही वाचण्याआधी उठा आणि तुमची टोपली उलटी करून बघा. तळाशी शेकडो भोकं दिसली तर ती साधी टोपली, लेख तुमच्यासाठी आहे. बाहेरच्या तळाला सुईएवढं एकच भोक असेल तर ती दाबाची टोपली. तिच्यात दाब कॉफीमुळे येत नाही, त्या भोकामुळे येतो, आणि फेसही तिथेच तयार होतो. अशा टोपलीवर ओपीव्हीची बारीक जुळवणी करून हाती काही लागत नाही. आधी साधी टोपली आणि बरा ग्राइंडर घ्या. आणि त्यात चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड घालू नका. ती दक्षिणी फिल्टरसाठी उत्तम आहे, मीही रोज सकाळी तीच पितो, पण एस्प्रेसोच्या टोपलीत तिचा चिखल होतो.

आता मोजायचं कसं. काही मशीनच्या तोंडावर गेज असतो. त्यात दोन प्रकारांचा घोळ होतो. ०ते ३ बारचा काटा असेल तर तो वाफेच्या बॉयलरचा, त्याचा या विषयाशी संबंध नाही. ० ते १५ किंवा १६ चा असेल तर तो पंपाचा. आणि काही मशीनवर आकडेच नसतात, नुसता एक रंगीत पट्टा असतो. तो अंदाजापुरता ठीक, त्यावरून स्क्रू फिरवायला जाऊ नये.

माझ्या मते घरी एक वेगळा गेज असावा. पोर्टाफिल्टर, म्हणजे टोपली बसते तो दांडा, त्याच्या खालची कॉफीची चोच फिरवून निघते. बहुतेक वेळा तिथले आटे ३/८ इंच बीएसपी असतात. गेज साधारण १/४ इंचाचे मिळतात, म्हणून मधे एक पितळी जोड लागतो. सिकंदराबादला राणीगंजमध्ये हा सगळा माल एका गल्लीत मिळून जाईल. पोर्टाफिल्टर सोबत घेऊन जा, दुकानदार आटे लावून बघूनच जोड देतो. गेज ० ते १६ चा आणि ग्लिसरीन भरलेला मागा, नाहीतर पंपाच्या धक्क्यांनी काटा इतका थरथरतो की वाचता येत नाही. आपल्याकडच्या गेजवर बहुतेक किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि पीएसआय असे आकडे असतात. घाबरू नका. किलोचा आकडा आणि बार जवळपास एकच, आणि ९ बार म्हणजे १३० पीएसआय. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा. जमलं तर दुसऱ्या कामाचा नसलेला जुना पोर्टाफिल्टर यासाठीच ठेवा, कारण गेजमधून आलेलं पाणी प्यायचं नाही.

टोपलीत कॉफी घालायची नाही. मशीन नेहमीसारखं पूर्ण तापू द्या, टाकी भरा, आधी साधा दांडा लावून दहा सेकंद पाणी सोडा म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग गेजवाला दांडा घट्ट बसवा आणि पंप सुरू करा. काटा चढेल आणि एका जागी स्थिरावेल. दहा सेकंद पुरे. आकडा लिहा, पंप बंद करा, आणि काटा खाली कसा येतो तेही बघा. तीन वेळा करा, मधे मिनिटभर थांबा. तीनही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत.

हा आकडा रस्ता बंद असतानाचा आहे. पंपाचं सगळं पाणी तेव्हा झडपेतूनच परत जातं, त्यामुळे स्प्रिंग जास्त दबते आणि दाब थोडा जास्त दिसतो. खरी कॉफी काढताना काही पाणी कपात जातं, म्हणून दाब अर्धा-एक बार उतरतो. तेव्हा गेजवर १० च्या आसपास आलं की कॉफीवर ९ समजा. गेजवर नेमके ९ आणायच्या नादात बरेच जण गरजेपेक्षा खाली उतरवतात. त्यानेही जग बुडत नाही म्हणा, ८ बारची कॉफी छानच लागते.

ज्यांना गेज घ्यायचा नाही त्यांनी आंधळी टोपली, म्हणजे भोकं नसलेली, किंवा टोपलीत बसणारी रबरी चकती लावून पंप चालवावा आणि टाकीत येणाऱ्या परतीच्या नळीकडे बघावं. काही सेकंदांनी तिच्यातून पाणी पडू लागलं तर झडप उघडते आहे. किती बारला, ते मात्र कळणार नाही.

मोजण्याचा खरा फायदा मला काचीगुड्याला मामाकडे दिसला. माझ्या मामेभावाने तीन वर्षांपूर्वी मशीन घेतलं होतं. कॉफी मनासारखी येत नाही म्हणून तो ते विकून लाखाच्या वरचं नवं घ्यायच्या बेतात होता.

"दादा, आधी मोजून तर बघू," मी म्हटलं.

"अरे मोजायचं काय त्यात? १५ चं आहे, जास्तच असणार," दादा.

वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, मोजाच तुम्ही. लाख रुपयांत माझा ओटा नवा होतो."

गेज लावला. काटा साडेतेरावर जाऊन थांबला. दादाचा चेहरा 'बघ, मी म्हटलं नव्हतं' असा. पण माझं लक्ष पंप बंद केल्यावर काय होतं तिकडे होतं. अशा मशीनमध्ये तीन तोंडांची एक विजेवर चालणारी झडप असते. पंप बंद झाला की ती कॉफीवरचा उरलेला दाब एका नळीने खालच्या ट्रेमध्ये सोडून देते. फस्स असा आवाज येतो, काटा झटकन शून्यावर पडतो. इथे आवाज नाही आणि काटा साडेतेरावरून रेंगाळत, सावकाश उतरत होता. शून्यावर यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागलं.

म्हणजे तेवढा वेळ दांड्यामागे काही क्विंटलांचा जोर आणि उकळतं पाणी अडकून बसत होतं. तेवढ्यात कोणी दांडा फिरवला तर तो हातातून उडतो आणि गरम चोथा हातावर, तोंडावर येतो.

मामा शेजारी पेपर वाचत होते. म्हणाले, "मग परवा माझ्या हातावर उडालं ते याच्यामुळेच होय? मला वाटलं मलाच येत नाही वापरता." मनगटावर रुपयाएवढा लाल डाग होता. पंचाहत्तरीचे मामा सकाळी सगळ्यांच्या आधी उठतात आणि स्वतःची कॉफी स्वतः करून घेतात. त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी ओपीव्हीचा विषय मागे पडला. आधी ती झडप साफ केली. आंधळ्या टोपलीत कॉफीयंत्र धुण्याची पावडर अर्धा चमचा घालून पंप दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच-सहा वेळा, मग नुसत्या पाण्याने तेवढंच. पहिल्या दोन-तीन वेळा काही फरक पडला नाही, मग ट्रेमध्ये काळं तेलकट पाणी यायला लागलं. शेवटी फस्स आवाज आला आणि काटा खाली पडला. तीन वर्षांत हे एकदाही झालेलं नव्हतं, कारण माहितीपुस्तिका खोक्यातच होती. याने न उघडणारी झडप खोलावी लागते, तिथे मग जाणकार माणूस बोलवा. आणि तुमच्या मशीनमध्ये ही झडपच नसेल, स्वस्त मशीनमध्ये नसते, तर कॉफी झाल्यावर निदान मिनिटभर दांड्याला हात लावायचा नाही, हा घरातला नियमच करा. पोरांना आणि आजी-आजोबांना आधी सांगा.

ओपीव्ही आम्ही पुढच्या रविवारी हाती घेतली. पहिली गोष्ट म्हणजे मशीनची पिन भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करायचं नाही, आणि दोन तास थंड होऊ द्यायचं. काही लोक मशीन चालू ठेवून, गेजकडे बघत, उघड्या मशीनमध्ये स्क्रू फिरवतात. काम लवकर होतं हे खरं, पण आत २३० व्होल्टच्या उघड्या पट्ट्या आणि शेजारून पाणी वाहणाऱ्या नळ्या असतात. मी हे कधी करत नाही, तुम्हीही करू नका. आणि वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी तिची तारीख बघा.

झाकण काढल्यावर पंप शोधा. त्यातून निघालेली नळी बॉयलरकडे जाते, आणि वाटेत एक फाटा परत टाकीकडे वळतो. त्या फाट्यावरचा पितळी किंवा प्लास्टिकचा तुकडा म्हणजे ओपीव्ही. बॉयलरच्या डोक्यावर आणखी एक झडप दिसू शकते, ती सुरक्षा झडप. तिला चुकूनही हात लावायचा नाही. कुकरच्या शिट्टीशी खेळता येईल, पण त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हशी नाही, तसंच हे. ओपीव्हीवर काही मशीनमध्ये टोपणाखाली अॅलन कीचा स्क्रू असतो, काहींत बाहेरचं नट फिरतं, तर काहींत फिरवण्यासारखं काहीच नसतं, आतली स्प्रिंगच बदलून कमी ताकदीची घालावी लागते. तुमच्या मॉडेलमध्ये काय आहे ते आधी नक्की करा. नुसतं जोर लावून बघणं हा मार्ग नव्हे, प्लास्टिकचे आटे एका झटक्यात जातात.

स्क्रू असेल तर त्याच्या आणि शेजारच्या भागावर मार्करने एक सरळ रेघ मारा. म्हणजे काही बिनसलं तर मूळ जागी परत येता येतं. मग पाव फेरा, घड्याळाच्या उलट दिशेने. फक्त पाव. झाकण लावा, पिन लावा, तापवा, मोजा, लिहा. पुन्हा थंड करा, पुन्हा पाव फेरा. कंटाळवाणं आहे, मान्य. दादाच्या मशीनला यात अख्खा रविवार गेला, मधे वरण-भात आणि झोपही झाली. कुठल्या मशीनमध्ये पाव फेऱ्याने किती बार उतरतात हे सारखं नसतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलू नये. आम्ही १० वर आणून थांबलो.

त्याच संध्याकाळची पहिली कॉफी आधीपेक्षा वाईट आली. ते अपेक्षितच होतं, कारण दाब बदलला की दळण पुन्हा जुळवावं लागतं. इथे एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉफी १८ ग्रॅम तीच, कप ३६ ग्रॅमचा तोच, आणि दळण एक-एक खूण सरकवत वेळ २५ ते ३० सेकंदांत आणायची. चौथा कप चांगला आला. मामांनी त्यात दूध आणि दोन चमचे साखर घातली, त्यावर दादा काही बोलला नाही.

आता उलट प्रकार, काटा ९ लाही पोहोचत नाही. इथे हात शिवशिवतात, स्क्रू आवळू म्हणून. थांबा. दांड्याच्या कडेने पाणी गळतंय का बघा, गळत असेल तर रबरी गॅस्केट कडक झालं आहे, ते बदलणं सोपं. गळत नसेल तर परतीच्या नळीकडे बघा. दाब कमी असतानाही तिच्यातून पाणी भरपूर येत असेल, तर झडपेत क्षार किंवा कचरा अडकून ती उघडीच राहिली आहे, तिला साफ करायला हवं. पाणी अजिबात येत नसेल, तर पंपच तेवढा दाब देत नाही. टाकीतली जाळी तुंबली असेल, नळीत हवा असेल, पंप थकला असेल, किंवा घरात व्होल्टेज कमी असेल. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की हे होतं. सकाळी मोजा आणि संध्याकाळी मोजा, फरक दिसला तर दोष मशीनचा नाही. थकलेल्या पंपावर स्क्रू आवळून काही मिळत नाही, झडप आधीच बंद असते.

अमेरिकेहून मशीन आणलेल्यांसाठी दोन ओळी. ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. म्हणजे तिथे सेकंदाला ६० ठोके देणारा पंप इथे ५० देतो आणि त्याची गुंडाळी जास्त वीज ओढून जास्त तापते. तिथे कोणी बसवून दिलेला दाब इथे तोच राहील असं धरू नका, इथल्या विजेवर मोजा. सलग बरेच कप काढायचे असतील तर मधे पंपाला उसंत द्या. ट्रान्सफॉर्मरही मशीनच्या वॅटपेक्षा ऐसपैस घ्या, १४०० वॅटच्या मशीनला २००० चा.

आणि पाणी. बोअरचं पाणी या मशीनमध्ये घालू नका, ओपीव्ही असो की तीन तोंडांची झडप, दोन्हींच्या गळ्याशी पहिला क्षार तिथूनच बसतो. आरओचं अगदी निखळ पाणीही सोयीचं नाही. त्याने क्षार बसत नाही, पण कॉफी सपक लागते, आणि काही मशीनना अशा पाण्यात टाकी किंवा बॉयलर भरलाय हे कळतच नाही, कारण त्यांचा सेन्सर पाण्यातल्या क्षारांतून जाणाऱ्या विजेवर चालतो. मी आरओच्या पाण्यात थोडं नळाचं गाळलेलं पाणी मिसळतो. आमच्याकडे एकास तीन हे प्रमाण जमलं, तुमच्या नळाला काय येतं त्यावर ते ठरेल.

मी गेज सहा महिन्यांतून एकदा लावतो. दादाच्या मशीनच्या झाकणाला आतून एक चिकटपट्टी लावली आहे, तिच्यावर तारीख, आकडा, किती पाव फेरे फिरवले ते, आणि काटा शून्यावर यायला किती वेळ लागला ते लिहिलं आहे. शेवटचा रकाना वहिनीने वाढवायला लावला. गेज आता माझ्याकडेच असतो, राणीगंजला जायचा कंटाळा असेल त्यांनी रविवारी घेऊन जावा. जोड ५८ मिलिमीटरच्या पोर्टाफिल्टरचा आहे, ५४ वाल्यांनी आपला दांडा सोबत आणावा.